पाचाचे चार होऊ नयेत

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

कार्गोवाल्याने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आठ महिने कपाटात पडून होती. आज तिला हात लावला, कारण आज अँब्रोजने मला चारचौघांत साउंड इंजिनिअर म्हटलं. मी गुंडू शांताराम घाडी, इथे आखातात अस्करच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. गावाकडे दशावताराला माइक लावता लावता हात बसला, तेवढंच माझं इंजिनिअरिंग. पण कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलंच आहे तर उतरायची घाई कशाला?

अँब्रोज तुस्कानो वसईचा. हॉस्पिटलच्या ऑफिसात दिवसभर खाली मान घालून काम करतो आणि गिटार हातात आली की वीस वर्षांनी तरुण होतो. त्याची मुलगी हॅझेल एक्स-रे काढते आणि गाते. ड्रमवर जेफ्री, तोही वसईचाच, हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर. बेसवर कराचीचा ताहिर, गाड्यांच्या शोरूममध्ये असतो. तालीम नईम भागात, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर, एका जुन्या खजुराच्या वखारीत. हातभर जाडीच्या भिंती, खिडकी एकही नाही. आत कितीही बडवा, शेजारचा न्हावी निवांत डुलक्या काढतो.

बातमी अशी की जुफेरच्या एका हॉटेलने आमचा बँड ठरवला. १९ तारखेपासून दर शुक्रवारी दुपारी, ब्रंचला. अट एकच, 'सायलो फाइव्ह' या अमेरिकन बँडची हुबेहूब नक्कल हवी. तिथे अमेरिकन नेव्हीचे लोक जेवायला येतात, त्यांना घरी बसल्यासारखं वाटलं पाहिजे. अँब्रोजने वीस वर्षं या दिवसाची वाट पाहिली. निघताना त्याने वखारीच्या दाराशी उभं राहून क्रूसाची खूण केली आणि डोळे पुसले. मी केबल गुंडाळत असल्याचं दाखवलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज विचारलंच, की वाजवणारे चार आणि नावात पाच कसे? अँब्रोजने पुराण लावलं.

ओहायोतलं एक खेडं, मक्याची शेती. धान्य साठवायला पत्र्याची उंच उंच पिंपं, आपल्या कणगीचे राक्षसी भाऊबंद. त्यांना म्हणतात सायलो. पाच नंबरचा सायलो उन्हाळ्यात रिकामा असायचा आणि त्यात आवाज घुमायचा, म्हणून गावातली पाच पोरं तिथे तालीम करायची. एक गिटार, एक बेस, एक ड्रम, एक गाणारा आणि पाचवा डेल. तो मागे उभा राहून दुसरा सूर धरायचा. पहिली रेकॉर्ड निघण्याआधीच एका सकाळी डेल शेजारच्या भरलेल्या सायलोत गुठळ्या फोडायला उतरला आणि मक्यात खाली गेला. मका माणसाला ओढतो म्हणे, चिखलासारखा. बाहेर चौघे तारा जुळवत त्याची वाट बघत होते. दुपारी पत्रा कापला तेव्हा तो आत उभाच सापडला. तोंड मक्याने भरलेलं.

पुढे बँड जगभर गाजला, पण पाचवा माणूस त्यांनी घेतला नाही. आजही प्रत्येक कार्यक्रमात डेलच्या नावाने एक माइक मोकळा उभा असतो.

"आपण पण ठेवायचा," अँब्रोज म्हणाला. "एक्झॅक्ट लाईनअप पाहिजे."

"त्याला केबल जोडू की नको?"

"नको रे. शोभेचा आहे तो."

नाही जोडली. तरी मिक्सरवर पाच नंबरच्या जागी पट्टी चिकटवून मी 'डेल' लिहिलं. एक अँब्रोज, दोन ताहिर, तीन जेफ्री, चार हॅझेल, पाच डेल. काम टापटीप असलेलं बरं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला कार्यक्रम झाला. लोकांनी जेवण सोडून टाळ्या वाजवल्या. पण लिहायची गोष्ट त्याच्या आधीची आहे.

सकाळी साउंड चेक आटोपला आणि सगळे घाबरून एकेक वस्तू पुन्हा पुन्हा तपासू लागले. जेफ्री म्हणाला, "गुंडू मॅन, तुमच्याकडे नाटकाआधी काहीतरी बोलतात ना? होय महाराजावालं?"

गाऱ्हाणं. आमच्याकडे काही सुरू करायचं तर आधी देवासमोर उभं राहून काय हवं ते स्वच्छ शब्दांत मागतात, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून रुकार देतात. माझे वडील देवळाचे घाडी, त्यांचं ते कामच. आता थोरला भाऊ प्रशांतदादा करतो. मी लहानपणी ऐकून ऐकून पाठ केलेलं. म्हटलं, घालू या. ताहिर म्हणाला, "अपन भी बोलेंगे, दुआ ही तो है।"

मी हात जोडून सुरू करणार तोच अँब्रोज कानाशी आला. "गुंडू, लाईनअप तुटू नये, हे पण बोल. तीन वर्षांत दोन ड्रमर गेले, तीन सिंगर गेले. कोणाची बदली, कोणाचा व्हिसा. आता कोणी जायला नको."

माझं ते जिभेवरच होतं. म्हटलं,

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या राखणदारा."

"होय म्हाराजा."

"आज ही तुजी लेकरां परमुलखात आपली कला सादर करूक उबी आसत. अँब्रोज, ताहिर, जेफ्री, हॅझेल आणि डेल, ह्या पाचांक सांबाळ."

"होय म्हाराजा."

"ह्या पाचांची संगत मोडू नको. पाचाचे चार होऊक देव नको. जो कोण सुटान जाऊक बगीत, त्येका परत हाड आणि त्येच्या जाग्यार उबो कर."

"होय म्हाराजा."

डेलचं नाव का घेतलं? मिक्सरवर पाच पट्ट्या समोर होत्या, त्या वाचत गेलो. नक्कल करायची तर पुरती करावी. सगळे हसले आणि भीतीही गेली.

२१ सप्टेंबर, रविवार

गावाहून बायकोचा, अश्विनीचा फोन. म्हणाली, आज सर्वपित्री, मामंजींचं पान वाढून ठेवलं, कावळा लगेच शिवला.

इथे कोण बघतं पंचांग? म्हणजे शुक्रवारी पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात नवं काम कोणी काढत नाही, आणि मी मेलेल्या माणसाला नावाने हाक मारून, जिवंतांच्या रांगेत बसवून, वर ही संगत मोडू नको म्हणून मागणं घातलं. अश्विनीला काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने फोनमधून कान उपटला असता.

साउंड चेकचं रेकॉर्डिंग मी सवयीने ठेवतो. ते लावून ऐकलं. रुकार देणारे चार. अँब्रोजचा जाड आवाज, जेफ्रीचा नाकातला, ताहिरचा, हॅझेलचा बारीक. आणि चौघांचं म्हणून झाल्यावर, किंचित मागून, एक पाचवा. शब्द नीट नाहीत, तोंडात घास असताना माणूस बोलतो तसा. हॉलचं छप्पर उंच असलं की आवाज फिरून येतो. तसंच असणार.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कार्यक्रम चालू असताना पाच नंबरच्या दिव्याची पट्टी वर-खाली होत होती. माइकला केबल नाही, मिक्सरच्या मागचं भोक मोकळं, तरी हिरवे दिवे नाचतायत. मी बटण बंद केलं. तरी नाचले.

हेडफोन लावून फक्त पाच नंबर ऐकला. श्वास होता. हळू, ओढून घेतलेला. मग हॅझेलने कडवं उचललं आणि त्या श्वासाने तिच्याखाली सूर धरला. सूर इतका बरोबर होता की मला हेडफोन काढवेना.

शेजारच्या चॅनेलचा करंट झिरपत असेल, मिक्सर जुना आहे. उद्या उघडून साफ करतो. वर पिवळसर धूळही बसली आहे. परवा वारा सुटला होता, वाळू आली असेल. पण वाळू बोटाला खरखरते, ही मऊ लागली. गिरणीतल्या कोंड्यासारखी.

अँब्रोज खूश. म्हणतो, "साउंड काय भरलाय रे आपला."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ताहिरची पलीकडच्या देशात, दम्मामला बदली झाली होती. बुधवारी सामान भरून कॉजवेच्या समुद्रपुलावरून निघाला, आणि आज बेस घेऊन हजर. कसा? तर म्हणे पुलाच्या मध्यावर पोहोचल्याचं आठवतं, त्यानंतर एकदम वखारीच्या दारात. "गाड़ी ख़ुद मुड़ गयी, भाई," म्हणत हसला. शोरूमने दुसऱ्याला पाठवलं, याला इथेच ठेवलं. त्याला आनंदच झाला, म्हणून कोणी खोलात गेलं नाही. परत हाड, म्हणजे परत आण, आणि जाग्यार उबो कर, हे माझेच शब्द मला दिवसभर आठवत होते.

हॉटेलची ब्रंच मॅनेजर सबा जेवणाची कुपनं घेऊन आली. पाच कलाकारांची पाच आणि माझं एक वेगळं. मी म्हटलं, "मॅडम, कलाकार चार हैं।"

"और वो लंबावाला? पीछे खड़ा रहता है। उसको बोलो कपड़े झटक के आया करे, कार्पेट पर पीला-पीला गिरता है।"

जास्तीचं कुपन परत करायला गेलो तर यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, म्हणत निघून गेली. ते माझ्या खिशातच राहिलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ब्रंचनंतर एक म्हातारा अमेरिकन स्टेजपाशी आला. त्याचा मुलगा नेव्हीत आहे, त्याला भेटायला आलाय. तो त्याच ओहायोतल्या खेड्याचा निघाला. अँब्रोजशी बराच वेळ बोलला, अँब्रोजचा चेहरा उजळत गेला आणि मग उतरला.

मी विचारलं काय म्हणाला. अँब्रोज म्हणाला, "तो लहानपणी त्या पोरांची तालीम ऐकायला सायलोबाहेर बसायचा. म्हणतो, डेलचा सूर तुम्ही बरोब्बर पकडलात. रडला तो."

"मग चांगलंच की."

"डेलचं रेकॉर्डिंगच नाही, गुंडू. तो पहिल्या रेकॉर्डच्या आधीच गेला. आपण कुठून पकडणार?"

मग त्याने गिटार पेटीत ठेवली आणि पुढच्या शुक्रवारी कोणतं गाणं आधी घ्यायचं ते बोलू लागला. माझ्याकडे मात्र तो बघत नव्हता.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हॅझेल भेटायला आली, कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात. ही पोर ईसा टाउनच्या शाळेत जायला बस पकडायची तेव्हापासून मी तिला ओळखतो. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

"गुंडू अंकल, आय गॉट द जॉब. डब्लिनमध्ये." हॉस्पिटलची नोकरी, सोमवारी १० तारखेला हजर व्हायचं. शनिवारचं विमान. आई ऑलिव्हला माहीत आहे, बापाला नाही. "आय कान्ट टेल डॅड. ही विल डाय." पोचल्यावर फोन करणार आहे.

ती सारखी खोकत होती. रुमालावर पिवळं काहीतरी. म्हणाली, डस्ट अॅलर्जी.

मला तिला सांगायचं होतं की मी काय मागून बसलोय. पण शिकलेल्या मुलीला काय सांगणार, की बाळे, मी देवाला सांगितलंय तुला जाऊ देऊ नको? म्हटलं, "जा. बिनधास्त जा." आणि मनातल्या मनात गावच्या देवाच्या, रवळनाथाच्या पाया पडलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहून काढतो.

दहा वाजता हॅझेल टॅक्सीने एअरपोर्टला निघाली. साडेबाराला ऑलिव्हचा मला फोन, की पोरगी आत गेल्याचा मेसेज आला नाही, फोन उचलत नाही. का कोण जाणे, मी सरळ वखारीकडे धावलो. दाराला बाहेरून कुलूप होतं. चावी माझ्याकडे आणि अँब्रोजकडेच असते.

उघडलं. आत अंधार. दिवा लावला तर हॅझेल तिच्या माइकसमोर उभी होती, बॅग पायाशी, पासपोर्ट हातात. डोळे उघडे. ओठांवर पिवळी पूड. शेजारी डेलचा माइक रोजच्यापेक्षा जवळ सरकलेला. मी हाक मारली तर तिने तोंड उघडलं आणि मक्याचे चार दाणे जमिनीवर पडले.

पाणी पाजलं. पाच मिनिटांनी ती माणसात आली. इमिग्रेशनच्या रांगेत उभी होते, एवढंच तिला आठवतं. मग ती रडायला लागली आणि मीही रडलो. हे माझ्यामुळे झालं आहे. थट्टामस्करीत, चार टाळ्यांसाठी, मी लोकाची लेक बांधून ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार

अँब्रोजला सगळं कळलं. आधी भडकला, मग म्हणाला, "पाहिलंस? तिलाच मनातून जायचं नव्हतं." त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं आणि मला त्याचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर आवाज चढवला. गाऱ्हाण्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, असलं काही नसतं. पण म्हणताना त्याचा हात गळ्यातल्या क्रूसावर होता.

दादाला फोन लावला. आधी पोटभर शिव्या खाल्ल्या. "पितृपाखात नाव घेवन हाक मारलस? तुका कोणी शिकवल्यान रे ह्या?"

"दादा, उतरायचं कसं ते सांग."

"ज्येना घातल्यान त्येनाच उतरवचा लागता. पण तू मोजान मागलस. पाच म्हटलस. मोजान मागल्यार मोजानच देवचा लागता. एक काढतलस, तर एक घाल. जितो कोंबो सोडून बग, कधी कधी भागता."

डब्लिनवाल्यांनी एक डिसेंबर ही शेवटची तारीख दिली आहे. त्यानंतर नोकरी दुसऱ्याला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सुट्टी टाकून ईसा टाउनच्या बाजारातून कोंबडा आणला. विकणाऱ्याने विचारलं कापून देऊ का, मी नको म्हटलं तर माझ्याकडे बघतच राहिला. बसमध्ये खोक्यातून आरवला, एका फिलिपिनो बाईने जागा बदलली. एरवी हसू आलं असतं.

आज सकाळी वखारीत हॅझेलच्या जागी त्याला सोडला आणि बोललो, की हिच्या बदल्यात ह्यो घे. दार लावून बाहेर बसलो. अर्ध्या तासाने उघडलं. कोंबडा त्याच जागी उभा होता. हात लावला तर थंड. उभ्या उभ्या मेलेला. गळ्याखालची पिशवी टच्च भरलेली, चाचपली तर आत दाणे. मी त्याला काहीही खायला घातलं नव्हतं.

दुपारी ब्रंचला पाच नंबरचे दिवे रोजच्यासारखेच नाचत होते. दादा फोनवर म्हणाला, "माणसाच्या जाग्यार माणूसच लागतलो, गुंडू."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हॅझेल दोन दिवस कामावर गेली नाही. मी बघायला गेलो तर ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि सूर धरून होती. दुसरा सूर, डेलचा. ऑलिव्ह टेबलाशी बसून जपमाळ ओढत होती. अँब्रोजने मुलीला खुर्चीत बसवलं, तिचं तोंड पुसलं, रुमाल उघडून बघितला आणि माझ्यासमोर धरला.

"बँड गेला खड्ड्यात," तो म्हणाला. "काय करायचं ते कर, गुंडू. माझी पोर सोडव. माझं नाव घाल तिच्या जागी."

"तुमचं आधीच आहे, अँब्रोजभाई. एक नंबरला."

त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला. असा रिकामा झालेला माणूस मी बघितला नव्हता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुटलं. आधी ते लिहितो, मग बाकीचं.

साउंड चेकला मी सगळ्यांना लवकर बोलावलं. रात्रभर विचार करून एक युक्ती काढली होती. माणूस हवा ना? मग मीच आहे की. मी काही वाजवत नाही, गात नाही, स्टेजवर पाय ठेवत नाही. इथेच असतो, मिक्सरच्या मागे. मोजणीत एक नाव भरून निघेल आणि प्रत्यक्षात कोणाचंच काही जाणार नाही. देवालाही कागद पुरा लागतो, आमच्या कंपनीच्या ऑफिससारखा. घाड्याचं डोकं आहे शेवटी.

कानाला हेडफोन, पाच नंबर चालू. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा. अडाण्याच्या तोंडातसून चुकीचा मागणा गेला. ता पदरात घे. मोजान मागललंय, मोजान देतंय. हॅझेलचा नाव मोकळा कर आणि तिच्या जाग्यार गुंडू शांताराम घाडी ह्याका घे."

अँब्रोजला रुकार द्यायचा होता, पण तो हॅझेलला धरून उभा होता. जेफ्री आणि ताहिर खाली बघत होते. आणि हेडफोनमध्ये, अगदी वेळेवर, स्वच्छ मालवणीत, तोंडात घास नसलेल्या आवाजात आलं,

"होय म्हाराजा."

दिवे एकदम विझले. हॅझेलने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "डॅड, आय अॅम हंग्री." अँब्रोजने माझे दोन्ही हात धरून ठेवले. माझ्या घशात जरा खवखवलं, पण तेवढं चालायचंच.

३० नोव्हेंबर, रविवार

हॅझेल पोचली. फोटो आलाय, लाल जॅकेट, मागे पाऊस, दात काढून हसतेय. खाली मराठीत लिहिलंय, 'थॅंक्यू गुंडू काका'. पहिल्यांदाच मला काका म्हणाली. फोटो चार वेळा बघितला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अँब्रोज आता स्वतः गातो. बरा गातो. हॅझेलच्या जागेवर कोणीच नाही म्हणून स्टेज भुंडं दिसत होतं, सबाही बोलली. मग म्हटलं, मिक्सर तिथेच बाजूला ओढून मी उभा राहतो. उभं राहिल्यावर नुसतं काय राहायचं, जरा सूर धरला. जमला की. जेफ्री म्हणाला, "मॅन, तू इतकी वर्षं लपून काय बसलेलास?" खरंच मला ठाऊक नव्हतं मला गाता येतं. शब्द पाठ नाहीत तरी तोंडात येतात.

सबाने आज पाच कुपनं दिली. सहावं दिलं नाही. मी आता पाचातच.

आणि खरी खुशखबर, रजा मंजूर झाली. २० तारखेचं विमान, गावच्या जत्रेला पोचतो. दोन वर्षांनी. लेकीला, श्रेयाला निळी सायकल कबूल केलीय. पोर रोज फोनवर दिवस मोजते.

२० डिसेंबर, शनिवार

विमान चुकलं. काय झालं ते नीट आठवत नाही. बॅग जमा केली, पासपोर्टवर शिक्का बसला, एवढं नक्की. शिक्का आहे, बघितला. नंतर मी वखारीत होतो. ताप असेल अंगात, नाहीतर थकवा. महिनाभर डबल काम चाललंय. बॅग मात्र मुंबईला गेली, तिथून कळवलंय.

अँब्रोजने दार उघडलं तेव्हा मी म्हणे माइकसमोर उभा होतो. माझं तोंड पुसलं त्याने, स्वतःच्या रुमालाने, आणि मग पायरीवर बसून हमसून रडायला लागला. मीच त्याची समजूत घातली. म्हटलं, तिकिटाचं काय, दुसरं काढू.

२३ डिसेंबर, मंगळवार

दुसरं तिकीट २७ चं मिळालं. जत्रा चुकेल, पण सायकल तरी देता येईल. शुक्रवारचा कार्यक्रम करून शनिवारी निघेन, इंशाल्ला. मिक्सरचा फिल्टर साफ करायला हवा. धूळ फार येते, सकाळी दात घासले तरी तोंडात पिवळं राहतं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. अश्विनी तोंड फिरवून भाकऱ्या थापत राहिली. श्रेयाने फोन हातात घेतला आणि अगदी जवळ तोंड आणून विचारलं, "पप्पा, ह्या खेपेक नक्की येतल्यात मा?"

मला म्हणायचं होतं, येतंय गे बाय, नक्की येतंय. शब्द जुळवलेही होते. थोडा थांबलो, आणि तोंडातून आलं,

"होय म्हाराजा."

ती खुदकन हसली. मीही हसलो.